हळदीआधी

मंडळी, मी कामं लक्षात ठेवायचं अ‍ॅप बनवतोय. त्यात तारखेऐवजी 'उद्या', 'चार दिवसांनी' असं दिसतं. आज सकाळी ते माझ्या वडिलांना, आबांना दाखवलं.

नव्वदच्या दशकात आबा पिंपळनेरला कपडे शिवायचे. एका नवरीचं ब्लाउज त्यांनी ठरल्या तारखेला तयार ठेवलं, पण मधेच लग्नाची तारीख अलीकडे ओढली गेली होती आणि ब्लाउजला उशीर झाला. तेव्हापासून ते कापडाला तारखेऐवजी 'हळदीआधी' अशी चिठ्ठी लावायचे.

अ‍ॅप बघून म्हणाले, "दिवस दिसतस, पन कसाना पहिले, ते कोठे शे?" खरंच, काम कशाच्या आधी व्हायला हवं, हे अ‍ॅपमध्ये कुठेच नव्हतं.

त्यांच्याच बीपीच्या गोळ्या आणायच्या कामापुढे 'चार दिवसांनी' होतं. ते बदलून मी 'गोळ्या संपायच्या आत' लिहिलं.

मग डबी उघडून पाहिली, तर रिकामी.

तुमच्याही यादीत एखादी डबी असेल. बघताय ना उघडून?