नावावर नसलेली माती

शाईच्या पॅडचा तो ओलसर, किंचित कुबट वास अजूनही एखाद्या कचेरीत गेले की नाकात भरतो आणि माझी कानशिलं तापतात. मुलांना वळणदार अक्षर शिकवणारी मी शाळेतली बाई. आणि त्या फाल्गुनातल्या पांढऱ्या दुपारी तालुक्याच्या कचेरीत माझ्या सहीशेजारी माझा अंगठाही उमटवून घेतला जात होता. वडील जाऊन जेमतेम तीन महिने झाले होते. शहागडजवळची, गोदावरीकाठची आमची काळी जमीन थोरल्या भावाच्या, अण्णाच्या, एकट्याच्या नावावर व्हावी म्हणून मी माझा हिस्सा सोडते आहे, तोही ‘राजीखुशीने’, असं त्या हक्कसोडपत्रात लिहिलेलं होतं. अण्णाने मला विचारलं नव्हतं. सकाळी तो भाड्याची जीप घेऊन दारात आला आणि म्हणाला, “चल, जल्दी आटप, एक सही करायची हाय.” बाहेर पडल्यावर त्याने बाजारातून मला एक जांभळी साडी घेऊन दिली. मी ती घेतली. सहीपेक्षाही त्या घेण्याचा राग मला अधिक येत राहिला.

शाळेच्या गावी, कुंभार पिंपळगावला, आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. माझा राग तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा एका बाजूने करपत राहिला. वर्गात मी विनाकारण मुलांवर खेकसू लागले, स्वयंपाकघरात झाकणं आपटू लागले. यजमान स्वभावाने सज्जन, ते म्हणत, “जाऊ दे ना. आपल्याला काय कमी आहे?” आणि मला वाटे, कमी आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकारही माझ्याकडे कोणी ठेवलेला नाही.

अशाच एका रविवारी मी शेजारून कुदळ मागून आणली आणि मागच्या परसात खणू लागले. घरमालकाने तिथे विटांचे तुकडे आणि खडी टाकून ठेवलेली. बागेचा विचार डोक्यात नव्हता. मला फक्त कशावर तरी घाव घालायचा होता. हाताला फोड आले, ते फुटले, तरी तीन रविवार मी खणत होते. तिसऱ्या रविवारी कुदळीचा आवाज अचानक मऊ झाला आणि खालून काळीभोर माती वर आली. माहेरच्या शेतात पिकाला पाणी देण्याच्या सकाळी, वाफ्यांच्या कडेने चालताना यायचा तसाच तिचा गार, गोडसर वास. मी तिथेच बसले आणि मोठ्याने रडले.

मग वांगी लावली, मेथी टाकली, भिंतीकडेला गुलबक्षी. पायरीवर मोगरा हवा होता, पण तेलाच्या डब्यात लावलेलं पहिलं रोप चैत्राच्या उन्हात पत्रा तापून मुळाशीच भाजलं. म्हणून कुंडी घ्यायला मी गयाबाईच्या दारात गेले. गयाबाई कुंभारीण, पन्नाशीची, कोरड्या अंगाची. नवरा चाकावर मडकं घडवी. ते चाकावरून जाड आणि ठेंगणं उतरे. मग गयाबाई एका हाताने आतून दगडी गोळा धरून, दुसऱ्या हाताने बाहेरून लाकडी थापीने ठोकत ठोकत त्याला मोठं, गोल, पातळ करी. तो ठक ठक नाद ऐकत मी तासभर उभी राहिले आणि न राहवून म्हणाले, “मला शिकवाल?”

ती हसली. पण दुसऱ्या दिवशी तिने खरोखरच माझ्यासाठी एक कच्चं मडकं बाजूला ठेवलं होतं. मी थापी उचलली, आणि चौथ्या-पाचव्या ठोक्याला मडक्याला भोक पडलं.

“बाई, कोणावरचा राग काढून राह्यलात?” गयाबाईने विचारलं. “आतून गोळा बराबर धरला न्हाई, तर माती काय करंल?”

मी तिला सगळं सांगितलं, प्रथमच कोणाला तरी. ती थापी चालवतच ऐकत होती. मग म्हणाली, “मी चाळीस वर्सं मडके मोठे करून राह्यले. चाकाला हात लावू देत न्हाईत मला. बाईनं लावायचा न्हाई म्हणतेत. अन् बाजारात विचारा, मडकं कोणाचं? त्याचं.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पण ठोका क्षणभर जोरात पडला, आणि तरीही मडकं फुटलं नाही.

त्या उन्हाळ्यात सकाळची शाळा सुटली की मी तिच्याकडे जाई. बोटांच्या पेरांत ओली माती बसली की कपाळावरची शीर हळूहळू सैल होई. पाचट आणि शेणकुटं रचून पेटवलेल्या आव्याच्या भट्टीतून माझी पहिली कुंडी निघाली ती एका अंगाने कलती, काठाला काळा डाग पडलेली. मला ती फार आवडली. आषाढात तिच्यातल्या मोगऱ्याला पाच कळ्या आल्या, आणि त्या पाहताना आपण मघापासून गुणगुणतो आहोत, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. राग संपला नव्हता; अण्णाची चिठ्ठी आली की ती दोन दिवस तशीच बंद राही. फक्त आता मी झाकणं आपटत नव्हते.

भाऊबीजेला अण्णा आला. मी ओवाळलं, जेवायला वाढलं. वांग्याची भाजी खाऊन तो मोकळेपणाने म्हणाला, “शेतातल्यावानी चव हाय बघ.” ताटावर वाकलेलं त्याचं डोकं वडिलांसारखं मागून विरळ झालेलं होतं.

मी म्हणाले, “अण्णा, त्या दिवशी मला सही करायची न्हवती. तू विचारलंच न्हाईस. मला माझा हिस्सा पाह्यजे होता.”

माझा आवाज चढला नाही, कापलाही नाही. यजमान पाण्याचा तांब्या हातात घेऊन तसेच थबकले. अण्णाचा घास थांबला. तो त्याने ताटात परत ठेवला आणि, ओरडून नव्हे, खरंच उमजत नसल्यासारखं म्हणाला, “मंग तवाच का न्हाई बोललीस?”

मी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. दुपारच्या गाडीने तो गेला. जाताना त्याने माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचलला आणि अर्ध्यातून मागे घेतला. जमीन आजही त्याच्याच नावावर आहे.

तो गेल्यावर मी परसात आले. कार्तिकाचं ऊन तिरपं होऊन भिंतीवर चढत होतं. पेरायचे धणे चपलेखाली अलगद रगडून दोन दलं करत मी बसले, आणि त्याच्या प्रश्नाकडे पहिल्यांदाच न चिडता पाहिलं. तेव्हा का नाही बोलले? माझा आवाज तेव्हा कुठे होता? त्याने काढून घेतला होता, की कुठेतरी मीच तो कोणी न मागता देऊन टाकला होता? दाणे फुटत होते, त्यांचा कोवळा, तिखट वास हवेत पसरत होता, आणि मला उठावंसं वाटत नव्हतं.