उघडता येईल असं झाकण

फोन आला तेव्हा मी जळगावच्या वसतिगृहात मेसच्या रांगेत ताट घेऊन उभी होते. आई म्हणाली, "करुणा, नाना गेले गं. पहाटेच." आणि थोडं थांबून, "पाचला ठरलंय. ऊन फार आहे, जास्त ठेवता येणार नाही." मी ताट परत ठेवलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रडू आलं नाही, नानांचा चेहराही डोळ्यांसमोर आला नाही. मनात एकच प्रश्न होता, की दानियलकाकांना कोणी कळवलं का? नानांचे हे एकुलते एक भाऊ चोपड्याला राहतात. धुळ्यात त्यांचा नंबर कोणाकडेच नव्हता, तो माझ्याकडे होता. मी लावला. दोनदा नुसताच वाजला. तिसऱ्यांदा उचलला. मागे ट्रकमध्ये केळीचे घड भरत असावेत, माणसांची ओरड ऐकू येत होती. मी म्हणाले, "काका, मी करुणा. नाना पहाटे गेले. पाचला नेणार आहेत." त्यांनी एक शब्दही न बोलता फोन ठेवून दिला. मी पिशवीत दोन कपडे आणि नानांचा पेचकस टाकला आणि धुळ्याची एसटी पकडली.

शमुवेल नाना माझ्या नात्यातले नव्हते. धुळ्यात आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत ते एकटे राहायचे. काकू बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या, मूलबाळ नव्हतं. व्यवसायाने सुतार. दारं, खिडक्या, पाट, पाळणे, सगळं करायचे. आणि चर्चच्या मंडळीत कोणी गेलं की पुरण्यासाठी लागणारी पेटी नाना करायचे. एक पेटी तर तयार करून भिंतीला टेकवून ठेवलेलीच असायची, आम्ही मुलं तिच्याकडे बघायचं टाळायचो. त्यांची एक पद्धत होती, जी मला पुष्कळ वर्षं समजली नाही. पेटीच्या झाकणाला ते खिळे मारत नसत, चार कोपऱ्यांना चार पितळी स्क्रू लावत. उन्हात लोक उभे असायचे, कोणीतरी म्हणायचंच, "नाना, ठोका ना दोन खिळे. कशाला घोळ घालता?" नाना मान वर न करता म्हणायचे, "खिळा ठोकला की ठोकला." आणि सावकाश फिरवत राहायचे.

दुसरी एक गोष्ट मला दिसायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. नाना सगळ्यांच्या आधी येऊन मेजावर पांढरं कापड घालायचे, भाकर कापायचे, द्राक्षरसाचे छोटे प्याले भरायचे. पण तबक त्यांच्यापुढे आलं की ते शेजाऱ्याकडे सरकवायचे. स्वतः कधीच घेत नसत. यंदा लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, तरुणसंघाच्या सभेत 'त्याग' या विषयावर मला बोलायला सांगितलं. घरात शिकलेली मी पहिली, वडील गवंडीकाम करतात, त्यामुळे मंडळीला वाटतं की कॉलेजात जाणारीला बोलता येतच असेल. मला येत नाही. मी लिहून नेलेलं वाचलं, की त्याग पाहायचा असेल तर लांब जायला नको, आपल्यातच एक माणूस वर्षानुवर्षं सर्वांना वाढतो आणि स्वतःचा वाटा सोडतो. लोकांनी मागे वळून नानांकडे पाहिलं, एकदोघांनी "आमेन" म्हटलं. नाना उठले आणि बाहेर निघून गेले.

मी घाबरत त्यांच्या खोलीवर गेले. ते रंधा घेऊन एक फळी घासत होते, गरज नसताना. मग म्हणाले, "ताटावरून रुसून उठलेल्या माणसाला उपासकरी म्हणतात का गं पोरी?"

मी म्हणाले, "नाना, मला वाटलं..."

"तुला वाटलं, आता बठ्ठ्या मंडळीला वाटेल. मी देवाच्या मेजावर रुसून बसलेला माणूस शे. त्याग कसला डोंबलाचा!"

त्या संध्याकाळी त्यांनी सांगितलं. त्यांची आई धुळ्यात त्यांच्याकडे असताना वारली. दिवस मे महिन्याचे. दानियलकाका चोपड्याहून निघाले होते, पण वाटेत गाडी बंद पडली. सगळे म्हणाले, आता थांबता येणार नाही. नानांनी स्वतः केलेल्या पेटीचं झाकण स्वतः खिळ्यांनी बंद केलं. काका पोहोचले तेव्हा मूठमाती देऊन झाली होती. ते कबरीपाशी उभं राहून एवढंच म्हणाले, की तू मला आईचं तोंड बघू दिलं नाहीस. नाना म्हणाले, ऊन बघ, माझा इलाज नव्हता. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. प्रभुभोजनाच्या आधी पाळकसाहेब विचारतात, कोणाच्या मनात भावाविषयी काही आहे का, असेल तर आधी ते मिटवा. नानांच्या मनात होतं. म्हणून प्याला पुढे सरकवायचा... "आणि मी बरोबर होतो ना," नाना म्हणाले, "तेच नडलं. चुकलो असतो तर त्याच्याकडे लवकर गेलो असतो. सोडायचं होतं ते एवढंच होतं, माझं बरोबर होतं हे. ते सोडलं नाही, आणि प्याला सोडत बसलो."

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी ते मला म्हणाले, चल माझ्यासोबत, एकट्याचे पाय वळतील परत. आम्ही अमळनेरवरून चोपड्याला गेलो. तापीचा पूल आला तसा नानांनी समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला. काका ओट्यावरच बसले होते. दोघांचे कान सारखे आहेत हे मला तेव्हा दिसलं. काका उठले नाहीत. "बठ," म्हणाले. पाणी आलं. नानांनी तांब्या तसाच खाली ठेवला आणि घरच्या अहिराणीत म्हणाले, "दानू, मी चुकनू. तुन्ही वाट दखाले पाहिजे व्हती."

काकांनी त्या तांब्याकडे बघितलं. मग आवाज न चढवता म्हणाले, "आते माफी मांगीसन माय उठी येई का?"

"नही, भाऊ."

बस्स. चहा झाला. निघताना काकांनी माझा नंबर मागून मिस्ड कॉल दिला, नानांचा नंबर मागितला नाही. परतीच्या गाडीत मीच रडवेली झाले होते. म्हटलं, त्यांनी माफ केलं नाही नाना. नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते त्याच्या हातात. माझ्या हातात होतं ते मी ओट्यावर ठेवून आलो."

ईस्टरच्या रविवारी तबक त्यांच्यापुढे आलं. मी बायकांच्या बाजूने बघत होते. त्यांनी प्याला उचलला. इतका वेळ हातात धरला, की पाळकसाहेबही थांबले. मग प्यायले... आणि तोंडावर रुमाल धरून बसून राहिले. उपासना संपल्यावर त्यांनी मला पेचकस दिला, लाकडी मुठीचा, मूठ घामाने काळी पडलेली. "तुझ्याजवळ ठेव. माझ्या वेळी लोक घाई करतील. खिळे मारू देऊ नको. दानू उशिरा आला तर उघडता आलं पाहिजे."

"आणि नाही आले तर?"

"तर नाही. पण झाकण उघडता येईल असं असू दे."

मी तीनच्या सुमारास पोहोचले. नाना त्यांच्याच पेटीत होते, एरवी भिंतीला टेकवून ठेवलेली असायची त्या. भोवती बर्फाच्या लाद्या, खाली पाण्याचं थारोळं. मी पाळकसाहेबांना विनवलं, थोडं थांबू या. ते म्हणाले, "येतो म्हणाले का ते?" मी म्हणाले, नाही. काही बोललेच नाहीत. पाच वाजले. पाळकसाहेबांनी आणखी अर्धा तास दिला. दर रिक्षाच्या आवाजाला मी फाटकाकडे बघत होते. साडेपाचला झाकण ठेवलं. माझ्या हट्टाखातर स्क्रू लावले. कबरस्तानात प्रार्थना झाली, पेटीखालून दोर सरकवले, आणि फाटकाशी रिक्षा थांबली. दानियलकाका उतरले. पायांत चप्पल, अंगावर शेतातलाच सदरा, केळीच्या चिकाच्या काळ्या डागांनी भरलेला. ते धावले नाहीत. बंद पेटी बघून जागच्या जागी उभे राहिले, आणि मला वाटलं, ते आता मागे फिरणार.

"आता उघडायची नाही," मंडळीचे पंच मनोहरभाऊ म्हणाले. "प्रार्थना झाली. ऊन बघा, काय हाल असतील." बरेच जण हो म्हणाले. मी म्हणाले, "नानांनी सांगितलंय." कोणी ऐकलं नाही. माझा आवाज कधीच कोणाला ऐकू जात नाही. मी परत म्हणाले, "थांबा! नानांनी सांगितलंय." आणि पुरुषांमधून वाट काढत पेटीपाशी गुडघ्यांवर बसले. पहिला स्क्रू निघाला, दुसरा निघाला. तिसरा फिरेना. हाताला घाम, पेचकस निसटत होता. वरून एक हात आला आणि त्याने पेचकस माझ्या हातातून घेतला. उरलेले दोन काकांनी काढले.

ते वाकले. चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं. "दादा, मी उनू," म्हणाले. आणि मग जणू नाना विचारत होते तसं, "अमळनेरले उतरी गयथू मी. मांगे फिरी जाऊ म्हनी. एक घंटा बठनू तठे..." त्यांनी नानांच्या कपाळावर हात ठेवला. मनोहरभाऊंनी टोपी काढली. मग काकांनी स्वतः झाकण ठेवलं आणि चारही स्क्रू परत लावले, नानांसारखेच, सावकाश.

लहानपणापासून दर ईस्टरला मी येशू उठला तेव्हा त्याच्या कबरीवरून लोटलेल्या धोंडीविषयी ऐकत आले. ती मला नेहमी फार मोठी, फार लांबची वाटायची. नानांनी ती चार स्क्रूंएवढी करून माझ्या हातात ठेवली, असं आता वाटतं. नीट सांगता येत नाही मला.

परीक्षा संपवून मी धुळ्याला आले आहे. गेल्या आठवड्यात मंडळीतल्या एक आजी गेल्या. नवा सुतार पेटी घेऊन आला, खिशातून मूठभर खिळे काढले आणि हातोडी उचलली. आजींचा मुलगा कुठेतरी रस्त्यात होता, की नव्हता, कोणालाच नक्की माहीत नव्हतं. मी घरी जाऊन पेचकस आणला. त्याच्या मुठीच्या खोबणीत अजून कबरस्तानातली माती आहे, मी ती काढलेली नाही.

"दादा, खिळे नको," मी म्हणाले.

त्याने ऐकलं.