एलीकुट्टीचा नाताळचा बेत

केरळातल्या पाला गावाजवळच्या डोंगरात राहणारी एलीकुट्टी उपासाच्या बाबतीत चर्चपेक्षाही कडक. नाताळआधीचे पंचवीस दिवस तिच्या घरातली मांसाची पातेलीसुद्धा माळ्यावर जायची. नवरा उलहन्नान रबराच्या मळ्यात राबणारा, खाण्यावर जीव असलेला. ते पंचवीस दिवस तो बायकोच्या नावाने बोटं मोडत काढायचा.

त्या वर्षी त्याला घशाचा कॅन्सर निघाला. डिसेंबरात डॉक्टरांनी घरी पाठवलं, मागतील ते द्या म्हणाले. चर्चचे अच्चन, म्हणजे पाद्री, मरणाआधीचं पवित्र तेल लावून गेले, तेही आजाऱ्याला उपास नसतो असं बजावून गेले.

एलीकुट्टीने मात्र वेगळंच धरून ठेवलं होतं. खाण्याच्या ओढीने का होईना, माणूस नाताळपर्यंत टिकेल. म्हणून रोज नवऱ्याच्या खाटेशी बसून ती नाताळच्या जेवणाचे बेत काढायची.

"इच्चाया, बीफचे कटलेट करू?"

"ते अच्चनना घाल."

"मग खोबऱ्याचे काप घालून सुकं परतते. आपल्या साबूला आवडतं."

"तुझा लेक कुवेतहून येताना माझ्यासाठी दात आणणारेय का?"

शेवटी हाडं घालून शिजवलेला कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, ठरला. वर्की खाटकाकडे तिने छातीची हाडं सांगूनही ठेवली.

वीस तारखेला उलहन्नानने तिचा हात धरला. "एली, आजच कर गं. एकच हाड दे. नुसतं चोखतो."

तिला वाटलं, आज दिलं तर उद्यापासून हा कशाची वाट बघेल?

"पाच दिवस राहिलेत," ती म्हणाली. "शेहेचाळीस वर्षं तुमच्या जिभेचे चोचले पुरवले. आता जरा देवाचं ऐका."

उलहन्नान बावीसच्या सकाळी गेला.

सुतकाच्या घरात एक्केचाळीस दिवस मांस शिजत नाही. शेजारणी पेज आणि मूग आणून देत होत्या. चोवीसला वर्कीच्या दुकानातून सांगितलेली हाडं आली. एलीकुट्टी पुडकं धरून दारातच उभी राहिली, तेव्हा मातीला आलेल्या साबूने ते तिच्या हातातून काढून शेजारी दिलं. नाताळच्या दुपारी तिकडून वास आला. ती तोंडात पदर कोंबून रडली.

"अम्मच्ची, अप्पांना घोटभर पाणी गिळवत नव्हतं," साबू म्हणाला.

"गिळायचं कोण म्हणत होतं रे? चोखतो म्हणाले होते."

आठवड्याने ती चर्चमध्ये पापाची कबुली द्यायला गेली. जाळीपलीकडून अच्चन म्हणाले, "तू उपासच पाळलास ना, एलीकुट्टी चेडत्ती? यात पाप कसलं?"

"मग प्रायश्चित्त सांगा."

"पापच नाही, तर प्रायश्चित्त कशाचं? घरी जा. पड जरा."

मागे रांग खोळंबली होती. एलीकुट्टी गुडघ्यांवरून हलेना.

"काहीतरी सांगा हो, अच्चन," ती म्हणाली. "असं मोकळं नका सोडू मला."