रुळावर सुकाणू नसतं

मॅट्रिक होईपर्यंत मी आगगाडी पाहिलेली नव्हती. आमच्या किनाऱ्यावर ती नव्हतीच, तर पाहणार कुठे? मुंबईला जायचं ते मालवण बंदरातून बोटीनं. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की एसटीनं घाट चढून कोल्हापूर गाठायचं. आणि तरी पास झाल्यावर मी पहिला अर्ज केला तो रेल्वेत! शाळेतल्या मास्तरांकडे मुंबईचं वर्तमानपत्र तीन दिवस शिळं होऊन यायचं. स्टेशनवरच्या कामासाठी शिकाऊ उमेदवार पाहिजेत, अशी जाहिरात त्यांनी त्यात वाचली. "कर अर्ज," म्हणाले, "फार तर नाही म्हणतील."

घरी मात्र गोष्ट एवढी सोपी नव्हती. बाबा तांडेल होते, म्हणजे जहाजावरचे मुख्य. घरचा मचवा होता, शिडाचं मालवाहू गलबत. कौलं, लाकूड, नारळ भरून बाबा तो मुंबईपर्यंत न्यायचे. तीन बहिणींच्या पाठीवर झालेला मी एकटा मुलगा, तेव्हा बाबांमागे सुकाणू कोण धरणार हे सगळ्या वाडीनं माझ्या बारशालाच ठरवून टाकलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. दहाव्या वर्षापासून मे महिन्याच्या सुट्टीत बाबा मला बरोबर न्यायचे आणि शिकवायचे. मला समुद्र लागायचा नाही, पण माल चढवता-उतरवताना होणारी आरडाओरड, ओले कपडे, रोजचा तोच सार-भात, ह्यानं माझं डोकं फिरायचं. मी मुळातच चिडका. आई धामापूरची, तळ्याकाठची. तिला समुद्राची गोडी कधी लागली नाही. ती म्हणाली, "कर रे झिला अर्ज. माका घरात जमनीवरचो एक तरी माणूस होयो."

बाबा जाळं विणत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ह्यो पावसाळो तुझो. काय ती हौस भागव. पण मचवो पाण्यात पडलो काय तू माझ्यावांगडा. मगे अर्जबिर्ज काय एक नाय."

म्हणजे पावसाळा संपून मचवा पाण्यात उतरेपर्यंत माझ्या हातात मोजके तीन-साडेतीन महिने होते. त्यात अर्ज, बोलावणं, मुलाखत, निकाल सगळं उरकायला हवं. अर्जात एक रकाना होता, 'जवळचे रेल्वे स्टेशन'. जवळचं म्हणे! दिवसभर एसटीत हाडं खिळखिळी करून जिथं पोचायचं ते कोल्हापूर मी तिथं लिहिलं आणि मास्तर पोट धरून हसले. दाखल्यांच्या नकलांवर सही-शिक्का घ्यायला सावंतवाडीला दोन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब जेवायला गेलेले, ते परत आलेच नाहीत. मी तळ्याच्या कठड्यावर बसून त्यांना मालवणीत जेवढं येतं तेवढं सगळं ऐकवलं.

श्रावणात बोलावणं आलं. कोल्हापूर स्टेशनवर इंजिन पहिल्यांदा पाहिलं आणि खरं सांगतो, छाती भरून आली. असलं काहीतरी आपल्याला चालवायला नाही तरी थांबवायला मिळेल, ह्या कल्पनेनंच मी गाडीत रात्रभर खिडकीशी जागा राहिलो. मुंबईत आमच्या गाववाल्यांच्या खोलीत उतरलो, तिथल्याच एकाची इस्त्रीची पँट चढवली आणि मुलाखतीला गेलो.

टेबलामागे तीन साहेब. दोघे इंग्रजीत विचारत होते, मधला मराठी होता, अडलं की तो समजावून सांगायचा. नाव-गाव झालं, गणित झालं. मग एकानं विचारलं, "समोर लाल दिवा दिसला तर काय करायचं?"

हा प्रश्न तर माझ्या घरचा! जहाजाच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा; तांबडा दिसला म्हणजे ते जहाज आपल्या उजवीकडून आडवं जातंय. बाबांनी हे माझ्याकडून इतक्यांदा घोकून घेतलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. मी ताठ बसलो आणि ठणकावून म्हणालो, "सुकाणू फिरवायचं, आपण उजवीकडे वळायचं आणि त्याच्या मागून जायचं!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग जे हसायला लागले! एकाला तर ठसका लागला. माझं टाळकं सटकलं. म्हटलं, "साहेब, हसायला काय झालं? आमच्याकडे असं करत नाही तो बुडतो."

मधला साहेब डोळे पुसत म्हणाला, "अरे, पण रुळावरनं वळणार कुठे?"

मेलो! कानशिलं तापली. समोर मचवा, बाबा, सार-भात सगळं दिसायला लागलं. गेली नोकरी. पण तोंड गप्प बसेल तर ना. म्हटलं, "वळता येत नसेल तर थांबायचं. तांबडा म्हणजे वाट दुसऱ्याची. ती त्याला दिलीच पाहिजे, मग वळून द्या नाहीतर थांबून."

साहेबाचं हसू थांबलं. "हे कुणी शिकवलं तुला?"

"बाबांनी. ते तांडेल आहेत."

त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि "जा" म्हणाला. एवढंच.

घरी आल्यावर मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. आईनं कपाळावर हात मारला. बाबांना मात्र मी कुठे चुकलो तेच कळेना.

"गाडयेक सुकाणू नाय?"

"नाय."

"मगे वळता कशी?"

"रूळ वळतत, तशी ती वळता."

बाबांनी डोकं खाजवलं. "म्हणजे चलवणाऱ्याक कामच नाय! आणि त्येचो पगार देतत?"

मीसुद्धा हसलो. पण दिवस जात होते. नारळी पौर्णिमा झाली, गणपती आले आणि गेले. मचव्यावर पावसाळ्यासाठी घातलेली विणलेल्या झावळ्यांची झापं उतरवायला माणसं आली, मीही त्यांच्यात होतो. बाबा खुशीत होते. मला नवी टोपी आणली होती. मी मनातल्या मनात हार मानली आणि टोपी घातली. वाईट दिसत नव्हती.

आणि पाण्यात मचवा लोटायच्या चार दिवस आधी पोस्टमन आला. निवड झाली होती. शिकाऊ म्हणून पाच दिवसांच्या आत मुंबईत हजर व्हायचं होतं. आई देवासमोर साखर ठेवायला धावली. मी पत्र वाचून दाखवलं तसे बाबा उठून किनाऱ्यावर गेले आणि जेवायच्या वेळेपर्यंत आले नाहीत. आल्यावर म्हणाले, "मचवो परवा लोटूया."

मुहूर्त चार दिवसांनंतरचा होता, मी निघून गेल्यानंतरचा. त्यात बदल बाबांनी जन्मात केला नव्हता. वाडीतली माणसं कुजबुजली, पण आली.

नारळ फोडला, देवाला गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांनी मिळून मचवा पाण्यात ढकलला. बाबांनी मला वर घेतलं आणि सुकाणूवर बसवलं. खडकांमधली अरुंद वाट, दोन्ही बाजूंना फेस. बाबा शेजारी नुसते उभे होते, हात पाठीशी बांधून. मी मचवा बाहेर मोकळ्या पाण्यात काढला. एवढा चांगला मी तो कधीच काढला नव्हता, आणि ते आम्हा दोघांनाही कळलं होतं.

"बरो काढलंस," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आता दी हकडे."

मी उठलो. ते माझ्या जागी बसले, आणि पुढे म्हातारपणी हात थरथरायला लागेपर्यंत त्यांनी ते सुकाणू दुसऱ्या कुणाला दिलं नाही.