गाडीच्या दाराला काळा रंग

आमच्या घरी नीट झालेल्या कामाची गोष्ट कुणी सांगत नाही. माझ्या हातनं बिघडलेलं मात्र पाहुण्यांत चहाच्या आधी निघतं. गाडीचे किस्से असेच साठले. दुसऱ्यानं मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा मीच सांगते.

आमची गाडी जुनी, सेकंडहँड. दाराच्या आतलं प्लास्टिक उन्हानं चिकट झालेलं. लातूरला एका लग्नात जाऊबाई गाडीतून उतरल्या, तर पिवळ्या साडीला काळा पट्टा. मी पदरानं पुसायला गेले, तो आणखी पसरला.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या बाजूनं पण लाव, म्हणजे डिझाइन दिसंल."

सगळे हसले. मी पण हसले. जेवण काही गेलं नाही.

महिन्याभरावर नणंदेचा साखरपुडा होता, देवणीला. याच गाडीत जायचं, जाऊबाई पण सोबत. पुन्हा तसं व्हायला नको, म्हणून मी ठरवलं, गाडी आतून नवी करायची.

मुखेडला घरीच, मोबाइलवर बघून सुरू केलं. दाराची पट्टी उचकटायला मी भाकरीचं उलथणं घातलं. पट्टी निघाली, पण तिचे दोन हूक तुटले आन् उलथणं वाकलं. जेवताना करपलेली भाकरी बघून आमचे हे म्हणाले, "उद्या स्क्रूड्रायव्हरनं उलट."

मग तो चिकट थर स्पिरिटनं काढून पॉलिश पेपरनं घासायचं काम. मी ओट्यावर बसलेली. शेजारच्या काकू बराच वेळ बघत होत्या.

"सकाळपासून काय घासून राहिलीस?"

"गाडीचं दार हाय काकू."

त्या आत गेल्या आणि जळालेली कढई घेऊन आल्या. "मग हे तर सोपंच हाय तुला." मला नाही म्हणता आलं नाही. घासून दिली.

रंग मारून तुकडे गच्चीवर वाळत ठेवले. आमच्या दोन वर्षांच्या पिऊनं त्यात हात घातला. मी घाबरले, तिला एक चापट दिली आणि तशीच उचलून दवाखान्यात पळाले.

"डॉक्टर, रंग रक्तात जाईल का?"

त्यांनी तिचा हात उलटसुलट बघितला. "खोबरेल लावा, निघून जाईल." मग तिच्या गालाकडं बघितलं. तिथं मोठी काळी बोटं उमटलेली. "आणि हे कुणाचं?"

साखरपुड्याच्या दिवशी गाडी आतून काळी कुळकुळीत होती. दार उघडायच्या आतल्या मुठी आधी चांदीसारख्या चमकायच्या. सगळं एकसारखं दिसावं म्हणून मी त्या पण काळ्या केल्या. मागच्या सीटवर जाऊबाई आणि आमचे सासरे, मामंजी. मामंजींची नजर अधू झालेली, त्यांना आता नुसतं चमकणारं तेवढं दिसतं.

देवणीत उतरल्यावर जाऊबाईंनी साडी झटकून बघितली. काही नव्हतं. "लई भारी केलीस गं." मी त्यांच्या मागं मागं मांडवात गेले. चार बायकांपुढं त्यांच्याकडनं तेच पुन्हा म्हणवून घेतलं.

टिळ्याच्या वेळी मामंजी सापडेनात. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्यानं उतरवलं. आम्ही गाडीकडं पळालो. काचा बंद, वर ऊन. मामंजी आत, टोपी मांडीवर, सदरा घामानं भिजलेला, एक हात दारावर चाचपत.

ह्यांनी बाहेरून दार उघडलं. जाऊबाई म्हणाल्या, "मामंजी, दार उघडंना व्हय?"

"न्हाई गं," मामंजी म्हणाले. "सूनबाईनं गाडी इतकी चांगली केलीय, उतरावंच वाटंना."