तुजी नजर तूच काढ

उत्तनच्या कोळीवाड्यात गर्ट्रूडबायइतकं दुसऱ्याच्या सुखाने कष्टी होणारं माणूस शोधून सापडलं नसतं. शेजारच्या क्लाराला तर ती पाण्यात पाहायची. क्लाराला नवं लुगडं आलं की हिला जेवण गोड लागायचं नाही. सगळ्यांत जास्त डोळ्यांत खुपायचा तो क्लाराचा नवरा पास्कू. धडधाकट, हसतमुख, बायकोवर जीव टाकणारा. गर्ट्रूडचा नवरा जुझे चौतीस साली गेला. त्यानंतर सुकी मासळी विकून ती एकटी जगली. त्याचं कौतुक गावाने कधी केलं नाही, तिच्या वाईट नजरेची चर्चा मात्र घरोघर.

अडतीस साली पास्कूने नवी होडी बांधली. फादरनी येऊन तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं. गर्ट्रूड दारातून टक लावून बघत राहिली. या क्लारालाच सगळं का, एवढंच तिच्या मनात चाललं होतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी क्लारा धावत तिच्या दारात आली. मुठीत मीठ आणि सुक्या मिरच्या. ज्याची नजर लागली त्यानेच ती उतरवायची, ही वाड्याची रीत.

"गर्ट्रूडबाय, पास्कू जाळं उचलता उचलता खाली बसला. तुजी नजर तूच काढ. पाया पडते तुज्या."

गर्ट्रूडच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी ती गेली. खरं सांगायचं तर पास्कूला पडलेला बघायलाच गेली.

पास्कू ओसरीवर भिंतीला टेकला होता. अंग घामाने निथळत होतं, चेहरा राखेसारखा. "छातीवर कोन बसल्यावानी वाटते," तो कसाबसा म्हणाला. कळ डाव्या हातात उतरली होती, जबड्यापर्यंत चढली होती. गर्ट्रूडचा ओवाळायला उचललेला हात तसाच राहिला. जुझे असाच बसला होता. तेव्हा तिने दिवसभर मिरच्या ओवाळल्या, वात समजून तेल चोळलं आणि संध्याकाळी त्याला बैलगाडीत घातलं. तो वाटेतच गेला. भाईंदरचे डॉक्टर म्हणाले होते, "बाई, हे हृदयाचं दुखणं. सकाळीच आणायचं होतं."

आता मिरच्या ओवाळून घरी गेली असती तर तिला कुणी बोल लावला नसता. उद्यापासून क्लाराही एकटीच चूल पेटवेल, हा विचार तिच्या मनात आला आणि क्षणभर गोड लागला. लपवायचं कशाला?

मग ती एकदम ओरडली. "नजर न्हाय ही! काळजाचं दुखनं हाय! गाडी जुंपा, आत्ताच्या आत्ता. त्याला चालवू नका, उचलून ठेवा."

"आधी मिरच्या तरी..." क्लारा घुटमळली.

गर्ट्रूडने मिरच्या अंगणात भिरकावल्या. "मिरच्या ओवाळतच माजा जुझे घालवला मी!" हे तिने आजवर कुणापाशी कबूल केलं नव्हतं.

डॉक्टरांनी सुई टोचली, सहा आठवडे खाटेवरून उठू दिलं नाही. पास्कू वाचला. क्लारा ताज्या बोंबलांची पाटी घेऊन गर्ट्रूडकडे आली, तर हिने तिच्या तोंडावर दार लावलं. जळकी ती जळकीच, गाव म्हणालं.

चुकीचं नव्हतं म्हणत. दाराआड गर्ट्रूड पदर तोंडात कोंबून रडत होती. या वेळी तिला हेवा वाटत होता तो एकाच गोष्टीचा. वेळेवर ओरडून सांगणारी शेजारीण क्लाराला मिळाली होती.