शालनच्या बुटातला खडा

शालनने पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. इंग्लंडात, लीड्सला आमच्या घराजवळच्या बसस्टॉपवर मी लंगडत आले आणि "आई गं" म्हणत टेकले, तर शेजारची बाई मराठीत म्हणाली, "बूट काढ. पाय दाखव." मी काढला. अंगठ्याचं नख मांसात रुतलं होतं. ते बघून म्हणाली, "नखं कोण कापतं तुझी, माळी?"

जन्मभर नर्स होती. रिटायर झाली तरी दिसेल त्याचे पाय तपासायची. नवरा वारलेला. मुलगा लंडनला, स्टॅनमोरमध्ये, त्याने आईसाठी खोली सजवून ठेवली होती. ही दोन दिवसांत परत. "खोली छान आहे गं, पण आत खुर्ची आहे. खुर्ची दिसली की माणूस बसतं, आणि एकदा बसलं की उचलायला चौघं लागतात."

दर शनिवारी ती मला यॉर्कशरच्या डोंगरांवर ओढून न्यायची. चहाचा कप अर्धा झाला की उठलीच. मी चौथी शिकलेली, मला नकाशा कळत नाही. तिच्या पाठीमागे चालायचं एवढंच.

तिला बर्फाच्या नदीवर चालायचं होतं. "नोकरीत सगळी रजा भारतात जाऊन नातेवाइकांत संपली. आता माझ्या मनासारखं," म्हणायची. शेवटी आमच्या चालणाऱ्या बायकांच्या ग्रुपबरोबर आम्ही नॉर्वेला गेलो. लीडर नेहा, लीड्सलाच जन्मलेली पोरगी. दोन दिवस चढून बर्फाच्या पायथ्याशी तंबू लावले. समोर डोंगरांच्या मधून तो निळसर बर्फ खाली आलेला. मधूनच आतून काहीतरी कडाडायचं. सकाळी कमरेला दोर बांधून त्याच्यावर चढायचं होतं.

संध्याकाळी शालनने सगळ्यांचे पाय तपासले. मग आमच्या तंबूत येऊन स्वतःचा बूट काढला, तर शेंगदाण्याएवढा खडा खाली पडला. मोजा रक्ताने भिजलेला.

"दिवसभर होता हा?"

"असेल."

"कळलं नाही तुला?"

"डायबेटिस आहे ना. पायाला काहीच कळत नाही हल्ली. तू गप्प बस. उद्याचा एकच दिवस."

"शालन, बोट काळं पडलंय."

"दिसतंय मला. नर्स तू आहेस का मी?"

मी उठले आणि नेहाला सांगितलं. ती आत आली, बघितलं आणि रडवेली झाली. "सॉरी आजी, पण असा पाय घेऊन बर्फावर नाही जायचं. नो वे."

शालन माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "चोमडी."

सकाळी बाकीच्या दोर बांधून वर गेल्या. आम्ही दोघी दुसऱ्या लीडरबरोबर खाली उतरलो. लीड्सला आल्यावर तिचं बोट कापलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं. हिवाळाभर ती माझ्याशी बोलली नाही. दुकानात दिसले तर तोंड फिरवायची. लोक म्हणाले, सॉरी म्हणून टाका. कशाला? उद्या तसंच झालं तर मी पुन्हा सांगेन.

पुढच्या उन्हाळ्यात ती बुटात पॅडिंग भरून दुसऱ्या ग्रुपबरोबर नॉर्वेला गेली. मला पत्ता नाही. तिथूनच फोन आला.

"चालून आले मी बर्फावर. दर थांब्याला दुसऱ्याला पाय दाखवत होते, तेव्हा आता कोणाला रिपोर्ट करू नकोस."

"कसं होतं?"

"काही नाही गं त्यात. मळका बर्फ आणि गार वारा. तुझं काही हुकलं नाही."

खोटं बोलताना शालन भराभर बोलायची.

"मग ये आता घरी," मी म्हणाले.

"छे! पलीकडच्या खोऱ्यात याहून मोठा आहे. पुढच्या वर्षी तू चल."

"येते," मी म्हणाले, आणि खरंच जाणार होते.

फेब्रुवारीत ती मुलाकडे चार दिवस गेली आणि तिथेच वारली. त्याने रडत फोन केला.

"मावशी, पण पीसफुली गेली आई. झोपेत, बेडमध्ये. कम्फर्टेबल होती."

"बेडमध्ये ती कधी कम्फर्टेबल होती रे?" मी विचारलं.